बोथच्या ओपीडीत मानवशास्त्राचे काय काम?

पावसाळा मध्यावर आला की तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ मंडळात तापाचे दिवस सुरू होतात. सरकारी दवाखान्याच्या बाकावर एकाच वेळी गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू, बंजारा बोली आणि दखनी ऐकू येते. डॉक्टरांनी तेलुगूत विचारायचे, उत्तर मराठीत यायचे आणि मधे कुणीतरी दुभाष्या म्हणून उभा राहायचा, हे इथे नवे नाही. आता महाराष्ट्रात असलेले किनवट १९५६ पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्याची सीमा नंतर मधे आली, सोयरिकी आणि बाजारहाट आधीपासूनच्या.

आता प्रश्न असा की, रक्ततपासणी आहे, गोळ्या आहेत, अँब्युलन्सचा नंबर भिंतीवर लिहिलेला आहे, तरी एखादे लेकरू चौथ्या-पाचव्या दिवशी, अंग टाकल्यावरच का आणले जाते? तापाचे कारण वैद्यक सांगते. उशिराचे कारण शोधायला दुसरी विद्या लागते.

ती विद्या म्हणजे मानवशास्त्र. माणसे कशी राहतात, नाती कशी जोडतात, काय खातात, कशाला भितात, याचा त्यांच्यात राहून केलेला अभ्यास. तिची वैद्यकाला जोडलेली फांदी म्हणजे वैद्यकीय मानवशास्त्र. कॉलेजात तिला मेडिकल अँथ्रोपॉलॉजी म्हणतात. नाव जड असले तरी कामाची रीत अवघड नाही. आपण आशाताई असा, नर्सिंगच्या विद्यार्थिनी असा, नव्याने रुजू झालेले डॉक्टर असा किंवा घरचे माणूस घेऊन दवाखान्यात धावणारे नातेवाईक असा, ही रीत आपल्याला वापरता येईल. एकेक टप्पा क्रमाने पाहू.

सुरुवातीलाच एक फरक लक्षात ठेवावा. शरीरात जे बिघडते, म्हणजे रक्तातला मलेरियाचा जंतू, फुप्फुसाला आलेली सूज, तो रोग. आणि त्या माणसाने व घरच्यांनी जे भोगले, जे नाव दिले, जो खर्च केला, ज्याची धास्ती घेतली, ते आजारपण. आर्थर क्लाइनमन हे अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ. त्यांनी १९७०च्या दशकात तैवानमध्ये काम करताना हा फरक नीट मांडला. डॉक्टर रोगावर उपचार करतो आणि रोगी आजारपण घेऊन येतो. दोघांची गाठ पडलीच नाही तर चिठ्ठी खिशात राहते आणि गोळ्या फळीवर.

पहिला टप्पा बघण्याचा आहे, विचारण्याचा नव्हे. वही काढण्याआधी वस्तीतून फिरावे. पाणी कुठून येते, पावसात कुठला ओढा वाट अडवतो, गुरे कुठे बांधतात, मच्छरदाणी आहे का आणि असली तर तिच्यात माणूस झोपतो की धान्य झाकतात, हे डोळ्यांनी पाहावे. गावात उपचार कोण-कोण करते याची यादी करावी. त्यात दवाखाना येईल, मेडिकलवाला येईल, इंजेक्शन देणारा खासगी ‘डॉक्टर’ येईल, झाडपाल्याची जाणकार म्हातारी आणि सुईणही येईल. गोंड वस्तीत देवारी, म्हणजे गावचा पुजारी असतो. भक्तल, म्हणजे अंगात येऊन कारण सांगणारा, तो वेगळा. कोलामांचा या भागात वेगळा मान आहे. डोंगरदेवांना शांत करण्याचे काम त्यांना चांगले जमते असे गोंड मानतात, आणि गरज पडली की कोलाम पुजाऱ्याला बोलावतात. ही सगळी माणसे आपल्या दवाखान्याच्या आधीच्या खोल्याच आहेत असे धरून चाला. रोगी बहुतेक वेळा त्या ओलांडूनच येतो.

चूक इथे एक ठरलेली होते. पाहणीला जाणारा माणूस रस्त्याकडेच्या वस्तीत जातो, पटलाशी, म्हणजे गावच्या मुख्याशी, किंवा सरपंचाशी बोलतो, चहा घेतो आणि परततो. जातोही उन्हाळ्यात, वाट कोरडी असताना. ज्या कोलाम गुड्यावर पावसाळ्यात चालत जावे लागते, तिथला ताप त्याच्या वहीत येतच नाही.

जुन्या, अखंड आदिलाबाद जिल्ह्याने या कामाचा एक मोठा नमुना पाहिलेला आहे. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात गोंडांच्या उठावाचे पुढारी कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. गोंड इतके का पेटले, हे शोधायला निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाला पाठवले. ते मारलवाई गावात बायकोसह झोपडीत राहिले, गोंडी शिकले, लग्ने पाहिली, दंडारीचे नाच पाहिले, देवांची नावे टिपली. मात्र सरकारला दिलेल्या अहवालाचा कणा जमिनीचा होता. जंगल राखीव करताना उठवलेल्या वस्त्या आणि बाहेरच्यांच्या हाती गेलेली शेते, यांनी गोंडांना टोकाला नेले होते. पुढे जमिनीचे पट्टे देण्याचे काम सुरू झाले, १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र उघडले, आणि गोंडी पुस्तके छापली ती देवनागरीत, कारण या भागात मराठी कानावरून गेलेली होती. त्यांच्या पत्नी बेटी १९८७ मध्ये वारल्या, त्यांची समाधी मारलवाईतच आहे. आरोग्याचे काम करणाऱ्याने हायमेनडॉर्फ यांच्याकडून घ्यावे ते हे की, देवांबद्दल विचारायला गेलात तरी जमिनीबद्दल जे सांगतात ते ऐकून या.

दुसरा टप्पा गावातली आजारांची नावे गोळा करण्याचा. चार-पाच बायका निवांत बसलेल्या असताना एवढेच विचारावे, “लेकरांना इथं काय काय होतं?” आणि मधे न बोलता लिहून घ्यावे. विदर्भात आणि आसपास बाळाला धाप लागून पोट जोरजोरात उडू लागले की ‘डब्बा’ झाला म्हणतात. डॉक्टरांच्या पुस्तकात त्याच लक्षणांवर न्यूमोनियाचा संशय घेतला जातो. कांजिण्या किंवा गोवर आला की ‘बाई आली’, तेलुगू घरात ‘अम्मवारु’. आपण “न्यूमोनिया झाला होता का?” असे विचारले तर उत्तर “नाही” येईल, आणि ते खोटेही नसेल.

पण इथे घाईने कोष्टक बनवू नये. गावचे एक नाव म्हणजे डॉक्टरांचा एकच रोग, असे क्वचितच असते. ‘डब्बा’ म्हटलेल्या दहा बाळांत एखाद्याचे नुसते पोट फुगलेले असू शकते. म्हणून प्रत्येक नावापुढे लक्षण लिहावे, ‘श्वास कसा, दूध ओढतो का, अंग तापते का’, आणि रोगाचे नाव तपासणीनंतरच लिहावे.

दुभाष्या निवडतानाही जपावे. परधान समाजाच्या माणसांना मराठी आणि गोंडी दोन्ही येते. घरची बोली मराठी आणि पिढ्यान्‌पिढ्या गोंडांच्या देवांची गाणी गोंडीत गाण्याचे काम त्यांचे. दुभाष्या म्हणून ते मोलाचे. मात्र बाळंतपणाचे प्रश्न पुरुष दुभाष्यातून विचारले तर उत्तर मिळणार नाही, मिळाले तरी अर्धे. शाळकरी मुलीला आईच्या अंगावरून जाण्याबद्दल बोलायला लावणे तर अगदीच चूक. दोघींनाही ते लाजिरवाणे होते.

तिसरा टप्पा प्रश्नांचा, आणि सगळ्यात कामाचा. क्लाइनमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात काही साधे प्रश्न सुचवले. रोग्याच्या मनात आजाराचा जो खुलासा असतो तो त्यांतून बाहेर येतो. आपल्या भाषेत ते असे होतील: तुम्ही याला काय म्हणता? कशामुळे झालं असं वाटतं? तेव्हाच का सुरू झालं? अंगात नेमकं काय करतंय? किती जोर आहे, किती दिवस चालेल? कसला उपचार व्हावा असं वाटतं? त्यातून काय बरं व्हावं? यामुळं घरात काय अडलं? आणि सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

पाठ केल्यासारखे एकामागून एक विचारू नयेत. बोलण्याच्या ओघात येतील तसे यावेत. समजा, एका घरात नातवाच्या अंगावर पुरळ उठले आहे आणि आशाताई ओट्यावर टेकली आहे.

“आजी, लेकराला काय झालं म्हणता?”

“बाई आली अंगावर.”

“कधीपासनं?”

“सोमवारपासनं. लिंबाचा पाला ठेवलाय उशाला, घरात फोडणी बंद केली. कुणाला आत घेत नाही.”

“बरं केलंत. मग आता भीती कसली वाटते?”

“बाईची नाही वाटत. रात्री त्याची छाती वाजत होती.”

शेवटच्या वाक्यात आशाताईला हवे ते सगळे मिळाले. ‘बाई वगैरे काही नसतं’ असे सुरुवातीलाच बोलली असती तर आजीने छातीचे सांगितलेच नसते. आता पुढचे काम वैद्यकाचे. पोराची छाती उघडी करून, ते शांत असताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर श्वास जलद आहे, दवाखाना गाठायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही, हिशेब चुकतो.

‘का’ हा शब्द प्रश्नात जपून वापरावा. “उशिरा का आणलं?” यातून उत्तर येत नाही, सफाई येते. “आणायचं ठरलं तेव्हा घरात काय काय झालं?” असे विचारले की गोष्ट सुरू होते. सासूसमोर सुनेला, नवऱ्यासमोर बायकोला विचारून काही हाती लागत नाही. आणि “हो ना?” असे शेपूट लावलेला प्रश्न विचारला की समोरचे माणूस मान डोलावते, ती मान पाहुण्याला दिलेली असते.

विचारण्याने काय निघते त्याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण शेजारच्या महाराष्ट्रातल्या गडचिरोलीतले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या स्त्रियांची घरोघर जाऊन विचारपूस आणि तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि यापूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया दहात एकही नव्हत्या. दवाखान्याच्या रजिस्टरवरून हे कधीच कळले नसते, कारण रजिस्टरमध्ये येणाऱ्यांचीच नोंद होते. अंगावरून पांढरे जाणे हे बाईच्या जातीला असायचेच, असे धरून चालणारी बाई दवाखान्यात तक्रार घेऊन येईलच कशाला? स्त्रिया आपल्या शरीराबद्दल काय बोलतात, काय समजतात, हे पुढे राणीताईंनी ‘कानोसा’ या पुस्तकात मांडले. आशाताईंनी तरी ते जरूर वाचावे.

चौथा टप्पा अनेक उत्साही अभ्यासक विसरतात. गोष्टी ऐकून झाल्या की रक्त तपासायचे असते. समजूत आणि शरीर, दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या तरच ही जोडविद्या. नाही तर नुसते लोकसाहित्य गोळा होते. यासाठी मी सिकलसेलचे उदाहरण घेतो, कारण ते आपल्या पट्ट्यातले आहे आणि त्यात दोन्ही विद्या जागोजागी एकमेकींना भेटतात.

सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक दोष. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर तो रोगी. त्याला ‘एसएस’ म्हणतात. एकाकडूनच आला तर वाहक, ‘एएस’. वाहक आजारी नसतो. तो शेती करतो, ओझे उचलतो, म्हातारा होतो.

मग हा दोष टिकला कसा? अँथनी ॲलिसन या डॉक्टरांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवून दिले की, वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. पण मलेरिया तिथे इतका का माजला? ते उत्तर १९५८ मध्ये फ्रँक लिव्हिंगस्टोन या मानवशास्त्रज्ञाने दिले. पश्चिम आफ्रिकेत शेतीसाठी जंगल तोडले गेले, उन्हात डबकी साचली, माणसे एका जागी दाटीने राहू लागली. त्या डबक्यांत वाढणाऱ्या डासांना आयते घर मिळाले, आणि मलेरियाबरोबर हा दोषही पसरला. भाषा कुठून आल्या, पिके कुठून आली, याच्या नोंदी त्याने रक्ताच्या नोंदींशेजारी ठेवल्या होत्या. जंगल, पाऊस आणि मलेरिया हे तिन्ही ज्या पट्ट्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्या आपल्या मध्य भारतात हा दोष का सापडतो, याचा धागा इथे लागतो.

आता बोथच्या घरात या. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट. तपासणीनंतर निकालाचे कार्ड मिळते, आणि सल्ला असा की दोन वाहकांनी लग्न करताना विचार करावा. गणित सरळ आहे: दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५०, आणि पूर्ण निर्दोष होण्याची २५. ‘प्रत्येक’ या शब्दावर बोट ठेवून समजावावे. पहिले मूल रोगी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब लोक हमखास करतात.

पण गोंडांची सोयरीक जुळते ती सगांवरून. चार देव, पाच देव, सहा देव आणि सात देव असे हे सगे, म्हणजे कुळांचे मोठे गट. एका सगात लग्न होत नाही, ती भावंडे धरतात. म्हणून समुपदेशकाने “जवळच्या नात्यात करू नका” म्हटले की घरचे निर्धास्तपणे म्हणतात, “आम्ही करतच नाही, सगा वेगळा पाहतो.” त्यांचे बरोबरच आहे, पण पुरते नाही. सगा बापाकडून चालतो. मामाची मुलगी दुसऱ्या सगातली, म्हणून चालते, किंबहुना पसंत पडते. आणि तिचे आजी-आजोबा मात्र मुलाच्या आईचेच आई-वडील असतात. रक्तातला दोष सगा बघत नाही, तो आईकडूनही येतो आणि बापाकडूनही. एवढे एक वाक्य सगांची नावे घेऊन, जमिनीवर काडीने वंशावळ काढून समजावले तर तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त काम होते. ते समजावणाऱ्याला सगा म्हणजे काय हे ठाऊक हवे, हाच मानवशास्त्राचा वाटा.

चुका इथे तीन होतात आणि तिन्ही महाग पडतात. गावात करतात ती सॉल्युबिलिटी चाचणी, म्हणजे विरघळण्याची चाचणी, फक्त दोष आहे की नाही एवढेच सांगते. वाहक की रोगी हे सांगत नाही. त्यासाठी पुढची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी लागते. ती होण्याआधीच “तुमच्या पोरीला सिकल निघाला” असे अंगणात मोठ्याने सांगितले जाते. दुसरी, वाहकाला रोगी समजून शाळा, खेळ, काम बंद केले जाते. तिसरी सगळ्यात वाईट: कार्ड फक्त मुलीचे पाहतात. मुलाचे रक्त तपासायला घर तयार नसते, आणि वाहक मुलीची ठरलेली सोयरीक मोडते. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय त्या कार्डाला काही अर्थच नाही.

तपासणीबद्दल आणखी दोन बारीक गोष्टी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गावातली चाचणी चुकीचे ‘नाही’ दाखवू शकते. आणि नुकतेच रक्त चढवले असेल तर निकालावर भरवसा ठेवू नये, तीन महिने थांबून पुन्हा करावी.

पाचवा टप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे शिकलेली माणसेच जास्त घसरतात. रोगी आला नाही की लगेच म्हणायचे, “त्यांची अंधश्रद्धा.” डॉक्टर आणि मानवशास्त्रज्ञ पॉल फार्मर यांनी हैतीच्या डोंगराळ भागात क्षयरोग्यांचे दोन गट पाहिले. एका गटाला नुसती मोफत औषधे. दुसऱ्याला औषधांबरोबर जादा खाणे, प्रवासखर्चाला थोडे पैसे आणि घरी येणारा आरोग्यसेवक. दुसऱ्या गटातले सगळे बरे झाले. पहिल्यातले निम्म्याहून कमी. आणि दोन्ही गटांतल्या बहुतेकांची समजूत एकच होती की क्षय करणीने होतो. करणीवर विश्वास ठेवणारा माणूसही गोळ्या खातो. त्याच्या हातात बसचे पैसे असले पाहिजेत.

म्हणून समजुतीकडे बोट दाखवण्याआधी पाच गोष्टी वहीत लिहाव्यात. वस्तीपासून दवाखान्यापर्यंत जायला-यायला किती वेळ, किती पैसे. त्या दिवशीचा रोज किती बुडतो. कापूस वेचणीत किंवा मे महिन्यातल्या तेंदूपत्त्यात तो बुडवणे घराला परवडते का. घरची बाकीची लेकरे आणि गुरे कुणी बघायची. आणि मागच्या वेळी दवाखान्यात कसे वागवले गेले. बऱ्याचदा सगळे कोडे या पाच ओळींतच सुटते. बोथहून आदिलाबादच्या रिम्स या सरकारी रुग्णालयात पाठवलेला रोगी वाटेतून परत फिरतो तेव्हा देवारीला दोष देण्याआधी सोबत कोण होते आणि त्याला वाचता येत होते का, ते पाहावे.

सहाव्या टप्प्यात बदल करायचा, आणि तो दोन्ही बाजूंनी. गावातल्या रीती तीन ढिगांत वेगळ्या कराव्यात. काही चांगल्या असतात: बाळंतिणीला वेगळे ठेवणे, विश्रांती देणे, पुरळ उठलेल्या पोराच्या घरात पाहुण्यांना मनाई, त्यांना पाठबळ द्यावे. बऱ्याचशा निरुपद्रवी असतात: लिंबाचा पाला, ताईत, नवस, कोंबडा, त्यांच्या वाटेला जाऊ नये. थोड्या घातक असतात, आणि तिथे मात्र भीड धरू नये. तान्ह्याच्या पोटावर तापल्या लोखंडाने डागणे, साप चावलेला पाय कापणे किंवा करकचून बांधणे, नवजात बाळाचे पहिले पिवळसर चिकाचे दूध पिळून फेकणे, या त्यांतल्या. सापाच्या बाबतीत तडजोड अशी करता येते: मंत्र म्हणणारा गाडीत बसून सोबत येऊ दे, पण गाडी थांबू नये. प्रतिविष दवाखान्यातच मिळते.

नवी सूचना देताना तीही गावाच्या समजुतीत बसते का ते पाहावे. पेरूमधल्या लॉस मोलिनोस गावात १९५०च्या सुमारास एका आरोग्यसेविकेने दोन वर्षे खपून पाणी उकळून पिण्याचा प्रचार केला. दोनशे घरांतली अकराच पटली. एडवर्ड वेलिन या मानवशास्त्रज्ञाने कारण शोधले: तिथे उकळलेले पाणी आजारी माणसाचे समजत, धडधाकट माणसाने ते पिणे म्हणजे आपण होऊन आजारी म्हणवून घेणे. आपल्याकडेही गरम-थंड पदार्थांचा विचार घरोघरी असतो. गरोदर बाईला “पपई खा, अंडी खा” सांगणाऱ्याने आधी तिच्या सासूला विचारावे. नाही तर सल्ला उंबऱ्यावरच अडतो.

दुसरी बाजू दवाखान्याची. त्याचीही एक संस्कृती असते: पांढरे कपडे, रांग, नातेवाईकांना बाहेर काढणे, नावाऐवजी नंबर. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने गोंडांना विचारले की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तरे अशी आली: मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढरे कापड मेलेल्याला गुंडाळतात आणि तुमचे डॉक्टर तेच घालून फिरतात, आमची माणसे जवळ राहू देत नाहीत, आमचा देव तिथे नाही. मग संस्थेच्या शोधग्राम या आवारातला दवाखाना गोंड वस्तीसारखा, झोपड्यांचा बांधला, नातेवाईकांना राहायला जागा ठेवली आणि नाव दिले त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरी. औषधे तीच, शस्त्रक्रिया त्याच.

त्याच संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. नवजात बाळ घरीच तपासणे, गुंडाळून ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, ही कामे त्यांनी केली. दर हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यातले बालमृत्यू ६२ होते, ते २५च्या घरात आले. हा निष्कर्ष १९९९ मध्ये छापला गेला. देशभरच्या आशाताई २०११ पासून बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, म्हणजे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, घरीच बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही, त्यांचे मूळ या कामात आहे. घरात पाचवी-बारशाची रीत असेल तर भेट तिच्याशी जुळवून घ्यावी, तिच्या आड येऊ नये.

शेवटचा टप्पा परत जाण्याचा. गोळा केलेले घेऊन हैदराबादला किंवा नागपूरला गेलेला माणूस गावात पुन्हा दिसत नाही, ही जुनी तक्रार आहे आणि खरी आहे. वर्षाने परत जावे, सापडले ते पटलासमोर आणि बायकांच्या वेगळ्या बैठकीत सांगावे, चुकलेले दुरुस्त करून घ्यावे. मात्र कुणाच्या रक्तात काय निघाले, कुणाच्या घरी कोण दगावले, हे चारचौघांत येऊ देऊ नये. लहान गावात नाव न घेताही माणूस ओळखू येतो. ‘ओढ्याकाठचे घर’ म्हटले तरी पुरते.

आपण बोथ मंडळात राहत असाल तर दोन कामे पुढच्या पावसाळ्याआधी करून टाका. आपल्या वस्तीत कोण-कोण उपचार करते त्यांची नावे आणि सर्वांत जवळची गाडी कुणाची, हे एका कागदावर लिहून अंगणवाडीच्या भिंतीवर लावा. आणि घरात सोयरीक ठरत असेल तर सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मुलाची आणि मुलीची, दोघांचीही करून घ्या. मुलाकडच्यांनी आधी करावी, म्हणजे मुलीकडच्यांना विचारायला तोंड राहील.